नावाआधी ‘श्री’ लावला तर ट्रेडमार्क मिळेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून थेट सांगतो: बहुतेक वेळा नाही. मसाल्याचं नाव ठरतं, पाकिटं छापायला टाकायची वेळ येते आणि तेच नाव दुसऱ्याने आधीच नोंदवल्याचं कळतं. मग पुढे ‘श्री’ किंवा ‘न्यू’, मागे ‘गृहउद्योग’, नाहीतर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, असे उपाय सुचतात. नाव अख्खंच तपासलं जातं हे खरं, पण अशा जोडशब्दांना त्यात वजन फार थोडं. सगळी भिस्त उरलेल्या शब्दावर.

दोन नावं शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका. गिऱ्हाइकासमोर दोन्ही पाकिटं एकाच वेळी नसतात. महिन्यापूर्वी नेलेल्या मसाल्याचं नाव त्याला अर्धवट आठवत असतं आणि दुकानात तो ते तोंडाने मागतो. म्हणून नाव मोठ्याने म्हणून बघा. श-स, न-ण, व्ही-डब्ल्यू यांतले फरक काउंटरवर ऐकूच येत नाहीत. लिपी बदलूनही काही साधत नाही. देवनागरी आणि रोमन नावाचा उच्चार एकच असतो.

‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांचा खटला यासाठी मुद्दाम वाचावा. अर्थाने दोन्ही शब्द वेगळे, हे कोणीही सांगेल. पण सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये सामान्य गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं: तो शब्दांची फोड करत नाही, एकूण नाद लक्षात ठेवतो. नावं फसवणूक होण्याइतकी सारखी ठरली. तरीही ‘लक्ष्मणधारा’ला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ते नाव तिथे उघडपणे चालू असताना ‘अमृतधारा’वाल्यांनी वर्षानुवर्षं हरकत घेतली नव्हती.

याच्या उलट उदाहरण ‘ड्रॉपोविट’ आणि ‘प्रोटोविट’चं. ‘विट’ हा तुकडा जीवनसत्त्वांच्या कितीतरी औषधांच्या नावांत असतो, त्यामुळे लक्ष पुढच्या भागाकडे गेलं आणि दोन्ही नावं वेगळी ठरली. तुमच्या नावात ‘रुची’, ‘स्वाद’, ‘गृह’ असं काही असेल तर त्या धंद्यात तो शब्द किती जण वापरतात, हे आधी बघा. औषधांना मात्र कसोटी जास्त कडक लावतात, कारण तिथली चूक जिवावर बेतते.

दुसरी बाजू मालाची. नाव कोणत्या माल-सेवेसाठी हवं त्यानुसार नोंदणीचे वर्ग पाडलेले आहेत: एकूण 45, त्यातले 34 मालाचे आणि 11 सेवांचे. मसाले 30 मध्ये, लोणची 29 मध्ये, खानावळ 43 मध्ये. फक्त आपला वर्ग शोधून थांबणं ही नेहमीची चूक. मसाला घेणारं गिऱ्हाईक शेजारच्याच फळीवरून लोणचं उचलतं, म्हणून 29 आणि 30 दोन्ही तपासा. पण वर्ग एक असला की नाव अडणारच, असंही नाही. दुधाचं ‘नंदिनी’ आणि उपाहारगृहाचं ‘नंधिनी’ यांच्या वादात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाव, चित्र आणि माल हे सगळं एकत्र पाहून उपाहारगृहाची बाजू मान्य केली. दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवरचा हक्क उपाहारगृहाने स्वतःहून सोडला होता.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर शोध फुकट आहे. शब्दशोध ‘कंटेन्स’ (नावात कुठेही तो शब्द) पर्याय निवडून करा, मग तोच शब्द ‘फोनेटिक’मध्ये (सारखा उच्चार) टाका. चित्र असेल तर व्हिएन्ना कोडने, म्हणजे चित्रांच्या प्रकारांना दिलेल्या क्रमांकाने, वेगळा शोध घ्या. सापडलेल्या प्रत्येक नावाची स्थिती, मालाची यादी आणि वापराची तारीख उघडून वाचा. न नोंदवता वर्षानुवर्षं वापरात असलेलं नाव या शोधात येत नाही, आणि आधीच्या वापराला कायदा संरक्षण देतो. म्हणून बाजारात आणि इंटरनेटवरही विचारपूस करा.

अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाकडून सारखेपणाची हरकत, म्हणजे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 11 ची, आली तर त्याचा तपासणी अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ‘आमचं स्पेलिंग वेगळं आहे’ एवढंच लिहून अर्ज टिकत नाही. मालाची यादी आटोपशीर करा, आधीच्या मालकाची लेखी संमती मिळते का बघा, प्रामाणिक वापर जुना असेल तर तारखेनिशी बिलं आणि प्रतिज्ञापत्र जोडा. यातलं काहीच हाताशी नसेल आणि माल एकच असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की पाकिटं छापण्याआधी नाव बदला. परीक्षकाने नाव स्वीकारलं तरी रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो, आणि तोवर तुमचा माल दुकानांत पोचलेला असतो.