तुम्ही विचारलंत म्हणून: वामन कोणाचा?

"गेममधली ही सगळी कॅरेक्टर्स तुझी स्वतःची का ढापलेली?" हा प्रश्न मला मुंजीच्या पंगतीत, राजगड उतरताना, हिंजवडीच्या कॅबमध्ये आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारला गेलाय. दरवेळी मी "प्रेरणा घेतो रे" असं काहीतरी पुटपुटतो आणि विषय बदलतो. आता एकदाच बसून लिहितो. हे वाचून तुमचं समाधान होईलच असं नाही, माझंही झालेलं नाहीये.

सिटी ऑफ हीरोज हा सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम काय होता हे परत सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी ते ऐकून ऐकून डोळे फिरवलेत. एवढंच लक्षात ठेवा की तिथे तयार हिरो मिळायचा नाही. आपला आपण शिवायचा, बुटांपासून मुखवट्यापर्यंत, उंचीसुद्धा आपण ठरवायची, आणि मग त्याची जन्मकथा लिहायची, तीही १०२३ अक्षरांत. मला खरं तर मारामारीत फार रस नव्हता. मी शिंपीकाम आणि जन्मकथा यातच रात्र घालवायचो. रात्र म्हणजे शब्दशः रात्र, कारण बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये २ ते ८ अनलिमिटेड होतं, आणि तेव्हा तिकडे अमेरिकेत दुपार-संध्याकाळ, म्हणजे माणसंही भेटायची. महिन्याचे १४.९९ डॉलर न्यू जर्सीचा आतेभाऊ त्याच्या कार्डावर भरायचा आणि दर उन्हाळ्यात आला की त्या बदल्यात दोन पेट्या हापूस वसूल करायचा.

तर ढापणं. हो, पहिलं कॅरेक्टर धडधडीत ढापलेलं होतं. अर्धा माणूस अर्धं यंत्र, डेट्रॉईटचा पोलीस, तुम्ही ओळखलंत, रोबोकॉप, मी फक्त नावातलं एक अक्षर बदललं होतं आणि मला वाटलं झालं काम, आता कोण ओळखतंय. आठवड्याभरात एका सकाळी लॉगिन करतो तर माझा पोलीस गायब, त्याच्या जागी साध्या चड्डी-बनियनवजा पोशाखातला एक इसम, नाव जेनेरिक हिरो आणि पुढे नंबर. बाकी टीम खो खो हसत होती. तेव्हा मी जाम चिडलो होतो, पण आता वाटतं गेमवाल्यांचं बरोबरच होतं. मार्व्हलने २००४ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर याच कारणासाठी केस घातली होती, लोक मार्व्हलच्या हिरोंसारखे हिरो बनवतात म्हणून. ती २००५ च्या डिसेंबरात मिटली, पण त्यानंतर कोण कशाला रिस्क घेईल.

पण ती चोरी पकडली गेली, शिक्षा झाली, विषय संपला. तुम्ही विचारता तेव्हा मला ती आठवतच नाही. मला आठवतो वामन.

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' मी नववीत वाचली, अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतलेली, कुणाच्या तरी नावाचा शिक्का असलेली. जमिनीखाली सापडलेली पेटी, नाहीशी झालेली प्रगत संस्कृती, आणि त्या माहितीवरून बनवलेला यंत्रमानव. जेनेरिक झाल्यावर मी आठ दिवस फुगून बसलो, मग एका रात्री तोच वामन शिवायला घेतला. उंचीची पट्टी पार खाली ओढली, चार फूट. अंग धातूचं, डोक्यावर एकच अँटेना, शेंडीसारखी. छत्री गेममध्ये नव्हती याचं वाईट वाटलं. टँकर केला, म्हणजे सगळ्यांचा मार एकटा खाणारा, आणि ताकद अशी घेतली की पुढे ३८ व्या लेव्हलला फूट स्टॉम्प मिळायचा, पाय आपटला की आजूबाजूचे सगळे भुईसपाट. तिसरं पाऊल! मी त्या एका कल्पनेवर इतका खूश होतो की ३८ पर्यंत पोचायला चार महिने लागले तरी कुरकुर केली नाही. जन्मकथेत पेटी, संस्कृती, यंत्रमानव, सगळं कोंबलं.

आता गेममधली ती रात्र. अ‍ॅटलास पार्कमध्ये, त्या पुतळ्याच्या खाली, कॉस्च्युम कॉन्टेस्ट असायच्या, कुणीतरी खेळाडूच परीक्षक व्हायचा आणि स्वतःच्या खिशातलं बक्षीस द्यायचा. पावणेचार वाजले असतील, आई पाण्यासाठी उठून गेली होती आणि मी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून अंधारात बसलेलो. चाळीसेक हिरो रांगेत, त्यातले निम्मे काळे कोट आणि तलवारीवाले. परीक्षक एक बाई होत्या, ओहायोच्या, शाळेत लायब्ररियन आहे असं बोलता बोलता म्हणाल्या होत्या. त्या प्रत्येकाची जन्मकथा वाचत होत्या, असं कुणी करत नाही. माझ्यापाशी आल्या, थांबल्या, बराच वेळ काही टाईप झालं नाही, मला वाटलं लाईन गेली माझी. मग आलं की आज वाचलेल्यातलं हे सर्वात वेगळं आहे. आणि खाली दुसरी ओळ: हे कुठल्या पुस्तकातलं आहे का? असेल तर नाव सांग, मला वाचायचंय.

नीट वाचा परत. बाईंनी आरोप केला नव्हता. त्यांना पुस्तक हवं होतं.

मी टाईप केलं, "नो, इट जस्ट केम टू मी."

एंटर दाबायच्या आधी वेळ होता माझ्याकडे. घाईत झालं, लॅग होता, झोप आलेली, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला देऊन बघितलीत, पण मी ते वाक्य लिहिलं, वाचलं, त्यातलं 'जस्ट' आधी राहिलं होतं ते मध्ये घातलं, आणि मग एंटर दाबलं. पहिलं बक्षीस मिळालं. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या, तिथे टाळ्यांची कमांड असते. माझा चार फुटी वामन कमरेत वाकून नमस्कार करत होता आणि मी खुर्चीत घामाघूम.

तेव्हाच्या मला विचाराल तर तो तावातावाने सांगेल की पुस्तक मराठीत आहे, ओहायोच्या बाईंना त्याचा काय उपयोग. मीही बरीच वर्षं हेच धरून होतो. मग कळलं की ते इंग्रजीतही आलेलं होतं, त्या रात्रीच्याही कितीतरी आधी. म्हणजे एक नाव टाईप केलं असतं तर ओहायोतल्या एका शाळेच्या कपाटात कदाचित नारळीकर गेले असते. कदाचित. बाई विसरल्याही असतील पाच मिनिटांत, हेही तितकंच शक्य आहे, आणि मला हे दुसरं जास्त आवडतं म्हणून मला त्यावर विश्वास नाही.

याहून एक आवडता बचाव होता माझा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवताना नारळीकरांनी स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीसही मिळालं. मी म्हणायचो बघा, खुद्द त्यांनीही सीक्रेट आयडेंटिटी वापरली! मित्रांना हे सांगून मी दोन-तीनदा वादही जिंकलोय. आणि मग एकदा वैशालीत मैत्रीण डोसा तोडता तोडता म्हणाली, "त्यांनी स्वतःचं नाव लपवलं रे, तू त्यांचं लपवलंस." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. बिल मात्र मी दिलं.

नारळीकर मुलांना सह्या द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन, असं सांगायचे. मी पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणलं होतं. पत्ताही घातला, त्यांची संस्था आयुका तर माझ्या कॉलेजच्या वाटेवर. पण वामनच्या या भानगडीत विज्ञानाचा प्रश्न काय ते ठरेना. पुढच्या वर्षी नोकरी लागली, मग राहिलंच. २०२५ च्या २० मे ला ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी ते कार्ड शोधलं नाही, कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते मला माहितीये.

आता तुमचा दुसरा प्रश्न, की मग स्वतःचं काही बनव ना. बनवलं की! पागडीच्या वाड्यातला भाडेकरू, घरमालक दारात आला की भिंतीतून आरपार जाणारा. शंभर टक्के माझा, सदाशिव पेठेतल्या आमच्याच वाड्यावरून सुचलेला. एकाही माणसाने त्याची जन्मकथा वाचली नाही. तिकडच्या लोकांना पागडी कशी समजावणार, १०२३ अक्षरं त्यातच गेली. आणि वामनबद्दल आजीला कौतुकाने सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मेल्या, दिवाळीला बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतो आपण, आणि तू त्याला पाताळात घालणाऱ्याला हिरो केलास?" म्हणजे ढापून ढापला तोही चुकीच्या बाजूचा.

गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला, आपल्याकडे १ डिसेंबरची शनिवार दुपार, मी जेवण सोडून शेवटपर्यंत बसलो होतो, त्यावर जास्त लिहवत नाही. २०१९ मध्ये चाहत्यांनी सर्व्हर उभे केले, २०२४ च्या जानेवारीत त्यातल्या होमकमिंगला रीतसर परवानगीही मिळाली, आणि मी पुन्हा चार फुटांवर पट्टी ओढली. वामन हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. मला इतका राग आला की विचारू नका, माझं नाव ढापलं म्हणे!

मी पुढे काहीतरी शेपूट लावून नाव घेतलं. जन्मकथा जुन्या स्क्रीनशॉटवरून जशीच्या तशी उतरवली, १००९ अक्षरं भरली. मूळ कल्पना कोणाची हे लिहायला किमान चाळीस लागतात. बाकी काही कापलं तर गोष्ट कळत नाही, हे मी प्रामाणिकपणे करून बघितलंय, आणि कापण्यासारखं वाक्य एकच उरतं, की हा यंत्रमानव दोन पावलं टाकून थांबतो आणि तिसरं कुठे ठेवू असं कुणालाच विचारत नाही. अख्ख्या जन्मकथेत तेवढं एकच माझं आहे. गेल्या महिन्यात ते काढून नारळीकरांचं नाव घातलं. चार दिवसांनी परत वाक्य घातलं. काल रात्री पुन्हा नाव. आज अजून लॉगिन केलेलं नाही.