मेशवरचा निरोप बाइट मोजून

मृग लागला. आता सगळ्या कोल्हापूरचं लक्ष पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याकडं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता. लाईट गेली की मोबाईल टॉवर बॅटरीवर काही वेळ तग धरतात, मग तेही गप्प. अशा वेळी मेशटास्टिकचं खूळ कामाचं ठरतं. २०२० मध्ये केविन हेस्टरनं सुरू केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. सिमकार्ड नको, नेट नको. मोबाईलला जोडलेल्या एका छोट्या रेडिओचा मजकूर दुसरा उचलतो आणि पुढं ढकलतो, त्या जाळ्यालाच मेश म्हणतात.

या रेडिओचा बोर्ड घेताना ४३३ मेगाहर्ट्झचा गळ्यात मारून घेऊ नये. आपल्याकडं या कामाला विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा. अँटेनाही त्याचीच हवी. आधी अँटेना, मग करंट. उलट केलं तर रेडिओची चिप जळू शकते. बॅटरीची लाल वायर बघून भुलू नये, काही बॅटऱ्यांचं कनेक्टर उलटं जोडलेलं असतं, मल्टिमीटर लावावा. आणि ॲपमध्ये रीजन 'इंडिया' निवडल्याशिवाय यंत्र हूं की चूं करत नाही.

खरी गंमत मराठीत आहे. एका निरोपाला जागा साधारण २०० बाइटची. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३, तेही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सुटे मोजून. 'बंद' म्हणजे ९ बाइट. 'राजाराम बंधारा ४१ फूट, शिये रस्ता बंद' एवढ्यालाच ९७. अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाकले तर ४ वाचतात. हात जोडलेला इमोजी ४ बाइट खातो, तेव्हा गुड मॉर्निंगवाल्यांनी इथं कृपा करावी. नेहमीच्या 'लाँग फास्ट' सेटिंगला वेग सेकंदाला जेमतेम १ किलोबिट. लांबलेला निरोप सगळ्यांची वाट अडवून बसतो.

दहा यंत्रं गल्लीत वाटण्यापेक्षा एक उंचावर असलेलं बरं. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच, आणि चिखली-आंबेवाडी ही पुराची गावं मधल्या सपाटीवर. गडाच्या बांधकामाला हात लावायचा नाही. तिथं राहणाऱ्या कुणाची गच्ची पुरते. सोलरवर चालवायचं तर ईएसपी३२ चिपपेक्षा एनआरएफ५२ चिपचा बोर्ड घ्यावा, करंट कितीतरी कमी खातो. 'राउटर', म्हणजे निरोप हमखास पुढं ढकलणारा, फक्त त्यालाच करायचं, घरचे सगळे साधे 'क्लायंट'. प्रत्येकानं हौसेनं राउटर लावला की तोच निरोप चहूकडून आदळतो आणि जाळं तुंबतं. हॉप, म्हणजे निरोपानं एका यंत्रावरून दुसऱ्यावर मारायच्या उड्या, ३ वरच राहू द्यावेत. ७ केले म्हणून पल्ला वाढतोच असं नाही, गर्दी मात्र वाढते.

यंत्रात आधीपासून असलेल्या मूळ चॅनेलची किल्ली, म्हणजे निरोप उलगडायचा पासवर्ड, जगजाहीर आहे. 'घर रिकामं करून निघालो' असलं काही त्यावर लिहू नये. तालमीचा वेगळा चॅनेल काढून त्याचा क्यूआर कोड पाणी चढायच्या आधीच सगळ्यांनी मोबाईलवर स्कॅन करून घ्यावा.