स्लॅबची खडी : आमचा अनुभव

कोल्हापुरात खडी काळ्या पाषाणाची. टोप-कासारवाडीकडच्या क्रशरवरून येते, दगड टणक. तरी आमच्या 800 चौरस फुटांच्या स्लॅबसाठी आलेल्या दुसऱ्या डंपरमध्ये घोळ निघालाच. ओंजळभर खडी उचलली तर निम्मी पापडासारखी चपटी आणि तळहात धुळीनं राखाडी. तो माल उतरूच दिला नाही. चपट्या खडीचं काँक्रीट नीट फिरत नाही, मग मिस्त्री वरून पाणी सोडतो आणि स्लॅबची ताकद तिथंच जाते. पाण्याचं भांडण खरं तर खडीपासून सुरू होतं! धूळ जास्त असेल तर सिमेंट दगडाला धरत नाही. थोडी असेल तर आदल्या संध्याकाळी पाइपनं धुऊन निथळू द्यावी. तांबूस तुकडे हातोडीनं ठोकून बघा. चांगला दगड खणखणतो, कुजलेल्याचा भुगा होतो. जांभा आरसीसीत, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, नकोच, तो पाणी पितो.

डंपर भरलेला असतानाच मालाची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणाकाराला 100 नं भागा, की ब्रास. आमच्या 800 चौरस फुटांना, 5 इंची स्लॅब, एम 20 प्रतीचं काँक्रीट, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 : सिमेंट 75 पोती, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) 1.4 ब्रास, खडी 2.8 ब्रास. बीमचं वेगळं धरा.

नुसती 20 मिमी खडी मागवू नका. दोन भाग 20 मिमी, एक भाग 10 मिमी घेतली की मोठ्या खडीतल्या फटी भरतात. बीम-कॉलमच्या जोडावर सळ्या दाट असतात. तिथं खडी सळ्यांमधल्या फटीपेक्षा किमान 5 मिमी लहान हवी, नाहीतर वर अडकते आणि खाली पोकळ्या राहतात.

घमेल्यानं मोजणं बंद केलं, कारण प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. 1 फूट बाय 1 फूट, उंची 15 इंच असा मापाचा खोका, म्हणजे फर्मा, करून घेतला. त्यात सव्वा घनफूट माल मावतो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढा. पोत्याला वाळू दीड फर्मा, खडी तीन, पाणी 25 लिटर.

रात्री पाऊस पडून गेला असेल तर हे आकडे तसेच चालत नाहीत. दीड फर्मा वाळूत 5 टक्के ओल म्हणजे जवळपास 4 लिटर पाणी आधीच आलेलं, तेव्हा वरून 21 लिटरच. शिवाय ओली वाळू फुगते, फर्म्यात कमी बसते. म्हणून वाळूच्या मापाला साधारण पाचवा हिस्सा जास्त घ्यायचा.

मिक्सरमध्ये आधी थोडं पाणी आणि खडी, मग वाळू, सिमेंट, शेवटी उरलेलं पाणी. सगळं पडल्यावर ड्रम किमान 2 मिनिटं फिरला पाहिजे. दुपारनंतर घाई सुरू होते, तेव्हा मिक्सरपाशी घड्याळ घेऊन उभं राहावं.