ब्रह्मगिरीची फेरी आणि अमेरिकेतलं वाळवंट

तिसऱ्या श्रावणी सोमवारची फेरी, म्हणजे त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराची पायी प्रदक्षिणा, करून आत्ता घरी टेकलोय.

काल रात्री जादा एसटीत लोंबकळत त्र्यंबक गाठलं, कुशावर्त कुंडावर पाय धुतले आणि निघालो. २० किलोमीटरची लहान फेरी. ४० ची मोठी करणाऱ्यांना लांबूनच दंडवत. पहिने गावाच्या पुढे चिखलात एका मावशींनी न विचारताच माझा दंड धरला. "दादा, इथं कडंकडंनं चला, मधी लई निसरडं हाये." स्वतः अनवाणी, डोक्यावर इरलं केलेली युरियाची गोणी. पुढे तासभर आमच्यातल्याच झाल्या.

सोबत कॉलनीतला एक मुलगा होता. त्याने अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा सुरुवातीचा वाळवंटी टप्पा चाललाय. मेक्सिकोच्या सीमेपासून थेट कॅनडापर्यंत ४,२६५ किलोमीटरची पायवाट! दक्षिण कॅलिफोर्नियात पाणी लांब लांब, म्हणून काही भली माणसं पदरमोड करून वाटेत पाण्याचे कॅन ठेवतात. त्यांना ट्रेल एंजल म्हणतात. चालणारे एकमेकांना टोपणनावं देतात. तुम्ही कुठे नोकरी करता वगैरे चौकशांत कुणाला रस नसतो. (आपल्याकडे आडनावावरून गाव, गावावरून पाहुणे निघाल्याशिवाय गप्पा सरकत नाहीत!) याचं नाव पडलं 'पिकल', कारण आईने दिलेलं कैरीचं लोणचं भर उन्हात सगळ्यांना वाटत सुटला होता.

मावशींना हे सगळं भारी वाटलं. म्हणाल्या, "एवढं चालून शेवटी देव कोणता?"

पिकलराव अजून उत्तर शोधतायत.