आधी नांगराचं विचारा

आज मालवणात स्नॉर्केलिंग करून गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला परतलो, पण डोक्यात अजून बोटीचा नांगरच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. तिथलं गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतं आणि बोटीचा लोखंडी नांगर पडला की क्षणात फुटतं. बोट तरंगत्या बोयाला, म्हणजे तळाशी कायमच्या अडकवलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधली की हे टळतं. म्हणून महागडं रिसॉर्ट ठरवण्याआधी, त्यांची बोट कशाला बांधतात ते विचाराच.

ऑक्सिबेन्झोन या प्रवाळाला घातक रसायनाचं सनस्क्रीन नको, पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घाला. फिन्सनं, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंखांनी, तळ ढवळू नका. गाळ बसला की प्रवाळातल्या सूक्ष्म शेवाळाला ऊन मिळत नाही, आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तिथूनच येतं. माशांना पाव तर अजिबात टाकू नका!