शेणखतानं मेलेलं झाड आणि माझी पीटची पिशवी

गेल्या पावसाळ्यात मी ऑनलाईन एक व्हीनस फ्लायट्रॅप मागवलं, ते माशी खाणारं झाड हो, शाळेच्या पुस्तकात चित्र असायचं तेच, आणि दीड महिन्यात मारलं. हेळसांड करून नाही, लाडानं मारलं. आमच्याकडे झाड मलूल दिसलं की उपाय एकच, मूठभर शेणखत. ते दिलं. वरून बोअरचं पाणी, ज्यानं कूलरच्या जाळीवर पांढरे थर बसतात ना, तेच. पहिल्यांदा एक एक जबडा काळा पडला, मग मधला कोंबच गेला. आमचे माळीभाऊ कुंडी हातात घेऊन म्हणाले, "काहून मेलं बाप्पा, खत तर चांगलं होतं!"

खत चांगलं होतं म्हणूनच मेलं, हे मला नंतर कळलं. आणि ते वाचता वाचता मी ज्या दलदलीत शिरले तिच्यातून अजून बाहेर आलेली नाही.

तर हे झाड मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलायनांच्या किनारपट्टीतलं, तिथल्या ओल्या, आंबट, कसहीन जमिनीतलं. नायट्रोजन जवळपास नाहीच, म्हणून बिचारं माशा खातं. पानावरच्या केसाला वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच जबडा मिटतो, एकदाच लागला तर गप्प बसतं, कारण पावसाचा थेंबही असू शकतो. (आमच्या चिरंजीवांनी हे काडीनं इतकं तपासलं की त्यानंही झाड थकलं असेल, सगळा दोष मी शेणखतावर टाकत नाहीये.) अशी झाडं उपाशी राहायला तयार झालेली असतात, मुळाशी खत आणि क्षार आले की मुळं जळतात.

मराठीत आपल्याला सगळीच दलदल, पण तिकडे थंड देशांत दोन वेगळे प्रकार मानतात, बॉग आणि फेन. विदर्भाच्या भाषेत सांगायचं तर बॉग म्हणजे कोरडवाहू आणि फेन म्हणजे ओलिताचं. बारा महिने भिजलेल्या जागेला कोरडवाहू म्हणणं विचित्र वाटेल पण हिशोब तोच आहे, बॉगला फक्त आभाळाचं पाणी मिळतं आणि पावसात क्षार नसतात. फेनला जमिनीतून झिरपलेलं पाणी मिळतं, त्यात कॅल्शियम वगैरे विरघळलेलं असतं, म्हणून तिथे गवतं, लव्हाळे, ऑर्किड, फुलपाखरं यांची चंगळ. इंग्लंडमधल्या विकन फेन नावाच्या एका जागेत ९,००० पेक्षा जास्त जातींची नोंद आहे. बॉगमध्ये जाती कमी, पण ज्या आहेत त्या एकेक नमुना आहेत.

त्यातला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे स्फॅग्नम नावाचं शेवाळ. आपल्या नर्सरीत ऑर्किडसाठी वाळकं, पिवळट, काथ्यासारखं मॉस मिळतं ना, ते हेच. मी मूठभर पाण्यात टाकून पाहिलं, फुगून वाटी भरली, पिळलं तर पाणी थांबेचना. त्याच्या अर्ध्याअधिक पेशी मेलेल्या, पोकळ, भोकं असलेल्या असतात आणि त्या कोरड्या वजनाच्या वीसपट पर्यंत पाणी धरतात. वर हे शेवाळ पाण्यातले उरलेसुरले क्षार ओढून घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं, त्यामुळे आसपासचं पाणी टोमॅटोच्या रसाएवढं आंबट होतं. म्हणजे जागा आधी स्वतःच बिघडवायची आणि मग तिथे दुसऱ्या कोणाला टिकू द्यायचं नाही, बिल्डर लोकांसारखं. पहिल्या महायुद्धात हेच वाळवून जखमांवर बांधायचे, कापसापेक्षा जास्त शोषतं म्हणून.

आता अशा थंड, आंबट, हवा न शिरणाऱ्या पाण्यात पान पडलं तर ते कुजणार कसं? कुजतच नाही धड. वरून नवं शेवाळ वाढत जातं, खालचं दबत जातं आणि त्याचं पीट होतं, वर्षाला साधारण १ मिलिमीटर. मी झाडासाठी पीट भरलेल्या माझ्या कुंडीला पट्टी लावली. चार इंच. म्हणजे १०० वर्षं भरली होती मी तिच्यात, आणि वरून शेणखत.

कुजत नाही ते किती? डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट काढताना एक माणूस सापडला, चेहऱ्यावरची दाढीची खुंटं दिसत होती, लोकांना वाटलं नुकताच खून झालाय, पोलिसांना बोलावलं. तो निघाला दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा, गळ्यात दोर तसाच, पोटात शेवटची लापशीसुद्धा. आयर्लंडमध्ये बॉगमध्ये पुरून ठेवलेलं लोणी सापडतं, हजारो वर्षं जुनं. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग कढवून पाहिलं का कोणी?"

आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या किंवा गावोगावच्या जुन्या मालगुजारी तलावांच्या तळाशी असं काही होत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि नंतर ऊन, तलाव आटला की गाळ भेगाळतो, हवा शिरते, सगळं कुजून जातं आणि शेतकरी तो गाळ ट्रॉलीनं शेतात नेतो. त्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच. पण उष्ण देशात पीट होतच नाही असंही नाही, बारा महिने पाणी साचलेलं असलं की होतं. काँगोच्या जंगलाखाली १,४५,५०० चौरस किलोमीटर पीट आहे हे जगाला नकाशावर २०१७ साली दिसलं, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र, आणि त्यात ३० अब्ज टन कार्बन. जगातली अशी सगळी दलदल जमिनीच्या ३ टक्के आहे फक्त, पण जगभरच्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिच्यात दडलाय. दलदल वाळवली की तो जळाल्यासारखा हवेत जातो. इंग्लंडमध्येच होम फेन म्हणून जागा आहे, तिथे १८५१ च्या सुमारास पाणी काढून टाकलं तेव्हा एक लोखंडी खांब जमिनीत पार डोक्यापर्यंत गाडला होता. आज तो खांब जवळपास ४ मीटर बाहेर आहे. खांब हललेला नाही. जमीन खाली गेली.

नागपूरकरानं हे वाचून "आपल्याला काय" म्हणू नये, कारण आपण पीटवरच बसलोय, फक्त त्याचा कोळसा झालाय. कामठी, उमरेड, वणीकडचा कोळसा म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची दलदल. तेव्हा भारत पार दक्षिणेकडे, थंडीत होता (नागपूर आणि थंडी, मे महिन्यात हे वाक्य लिहिताना बरं वाटून राहिलं). त्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस नावाची झाडं वाढायची, जिभेसारखी लांबट पानं. कामठीजवळ सिल्लेवाड्याच्या दगडांतून त्या पानांचे ठसे गोळा करणारे पाद्री म्हणजे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. मी त्या कॉलेजवरून हजारदा गेली असेन, हिस्लॉप म्हणजे कोणीतरी प्रिन्सिपल असतील एवढंच डोक्यात होतं. आणि कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांतून जो धूर दिसतो तो त्याच दलदलीच्या भाऊबंदांचा. माझा कूलर त्यावरच चालतो.

माशीखाऊ झाडांसाठी कॅरोलायनाला जायची गरज नव्हती हेही उशिरा कळलं. साताऱ्याकडच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, निळसर-जांभळी 'सीतेची आसवं' फुलतात ना, तीसुद्धा शिकारी. जमिनीखाली बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म किडे क्षणात ओढले जातात. सडाही तसाच, कातळ, थोडीशी माती, कस नाही.

दुसरं झाड घेतलंय. त्याला बोअरचं पाणी नाही, एसीच्या पाईपमधून गळतं ते पाणी बाटलीत धरून देते, त्यात क्षार नसतात. खत अजिबात नाही. प्रश्न उरला पिशवीचा. पहिल्या वेळी पीट मॉसची मोठी पिशवी घेतली होती, युरोपातून आलेली, अर्धी शिल्लक आहे. गंमत बघा, तिकडचे लोक पीट वाचवायला आपल्या नारळाचं कोकोपीट नेतात, ज्यात नावाशिवाय पीट काही नाही, आणि मी त्यांच्या दलदलीचा तुकडा इथे गच्चीवर आणलाय. आता फेकून तर देता येत नाही, कोरडं ठेवलंय स्टोअररूममध्ये कणगीच्या मागे. माळीभाऊ परवा विचारत होते, "मॅडम, ती पिशवी वापरायची नसन तर गुलाबाले टाकू काय?" मी नाही म्हटलं. का नाही, ते त्यांना सांगायला अर्धा तास लागला आणि चहा दोनदा झाला.