विहिरीच्या काठावरून ज्वालामुखी

भूशास्त्राच्या टी.वाय.च्या मुलांना फील्डवर नेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हा सगळा लाव्हा आहे ते कळलं, पण ज्वालामुखी कुठेय?" प्रश्न रास्त आहे. शाळेपासून ज्वालामुखी म्हटलं की फुजीसारखा शंकू, वर खड्डा आणि त्यातून धूर, हेच चित्र वहीत काढलेलं असतं. आपण मात्र उभे असतो जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर. किल्लारीला भोक पाडलं तेव्हा तो ३३८ मीटर जाड निघाला, कोयनेजवळ ९०० मीटरच्या वर. एवढा माल बाहेर आला, पण ज्यातून आला तो डोंगर दाखवा म्हटलं की शिक्षकाची पंचाईत होते.

त्या दिवशी चंदनापुरी घाट उतरून संगमनेरकडे निघालो होतो. रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या, आधी ठरवलेल्या कटिंगपाशी ट्रकांची अशी रांग लागली होती की मुलांना रस्त्याकडेला उभं करायचा धीर होईना. बस आतल्या रस्त्याला वळवली. थोडं पुढे गेल्यावर डाळिंबाच्या बागेपलीकडे यारीचा लोखंडी हात दिसला. नव्या विहिरीचं काम चालू होतं. मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं, कारण कटिंगवर उन्हापावसाने कळकट झालेला दगड बघावा लागतो आणि इथे चाळीस-पन्नास फूट कोरा करकरीत छेद होता, तोही फुकट.

मालक साठीचे होते. परवानगी लगेच दिली, फक्त पोरांना काठावर जाऊ देऊ नका म्हणाले. मी तशीही देणार नव्हते. सुरुंगाचं काम आदल्या आठवड्यात संपलं होतं, खाली दोघे जण दगड फोडत होते आणि यारीने तो वर येत होता.

सुरुवात डबराच्या ढिगापासून केली. विहिरीचा ढीग उलटा वाचावा लागतो. सर्वांत तळाशी मुरूम, त्यावर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यावर काळा पाषाण, आणि अगदी वर आज सकाळी निघालेला, म्हणजे सर्वांत खोलवरचा दगड. मुलं पाच मिनिटं गोंधळली, मग हातोड्या बाहेर निघाल्या. एकाला मांजऱ्याच्या पोकळीत स्टिल्बाइटचे मोत्यासारखे चमकणारे स्फटिक सापडले आणि पुढचा अर्धा तास तो कामातून गेला. स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातलं खनिज, आणि झिओलाइटचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही, त्याला काय बोलणार.

मालकांनी आपणहून सांगितलं, "मांजऱ्या संपला का काळा लागतो, काळा संपला का परत मांजऱ्या. मधी तांबडी पट्टी आली तर तिच्यावर पाणी झिरपतं." तीन ओळींत त्यांनी माझं एक लेक्चर संपवलं. लाव्हाचा प्रत्येक थर असाच असतो. वरच्या कवचात वायूचे बुडबुडे अडकतात, तो मांजऱ्या. मधला गाभा सावकाश निवतो, बुडबुडे निघून जातात, तो काळा पाषाण. तळाशी पुन्हा एक पातळ सच्छिद्र पट्टी. तांबडी पट्टी म्हणजे दोन थरांच्या मधल्या काळात झिजलेला पृष्ठभाग किंवा राख, वरून पुढचा लाव्हा आला तेव्हा भाजून निघालेली.

मग वरून टेप सोडला. खालच्या गड्याने मांजऱ्या जिथे संपत होता तिथे टोक धरलं. एका थराचं वरचं कवच साधारण दोन मीटर भरलं. आता गंमत अशी की हवाईत किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा १९९० च्या सुमारास कालापाना गावावर आला तेव्हा भूशास्त्रज्ञांना तो जवळून मोजता आला. सुरुवातीला तो वीतभर-हातभर जाडीचा असायचा. वर साय धरायची, आणि तिच्याखाली गरम लाव्हा शिरतच राहायचा. त्यामुळे वरचं कवच उचललं जाऊन थर काही मीटर जाड व्हायचा. कवच किती वेगाने जाड होतं याचं तिथे एक साधं सूत्र मिळालं. कवचाची जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि सुमारे १६५ ने गुणायचं, की तास मिळतात.

एका मुलीने मोबाइलवर गुणाकार केला. चार गुणिले १६५, म्हणजे ६६० तास. "मॅडम, सत्तावीस-अठ्ठावीस दिवस!" ती जवळजवळ ओरडलीच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दगड, आणि त्याच्या पोटात महिन्याचा हिशोब. मी हे वर्गात कितीदा शिकवलं आहे, पण टेपचं टोक खाली कुणाच्या तरी हातात असताना तो आकडा ऐकला की अंगावर काटा येतो.

मालकांनी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं की हा थर फुगायला महिना लागला. ते म्हणाले, "आम्हाला फोडायलाच दीड महिना गेला."

यारीच्या बादलीतून मी तळाचा एक तुकडा मागवला, काढण्याआधी त्यावर खडूने उत्तरेची खूण करायला सांगून. काचेसारखी काळपट साल, आणि तिच्या जरा वर पेन्सिलीएवढ्या जाड उभ्या नळ्या, बोटभर लांबीच्या, पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. तळाशी निघालेला वायू वर चढताना या नळ्या करतो, आणि लाव्हा सरकत असेल तर त्यांची वरची टोकं त्या बाजूला कलतात. आमच्या नळ्या पूर्वेकडे कलल्या होत्या. पोरांनी लगेच लाव्हा पश्चिमेकडून आला असं लिहून टाकलं. खोडायला लावलं. असा लाव्हा पुढच्या काठाला फुटून जिभांमागून जिभा काढत जातो, आणि एखादी जीभ उलटीही वळते. दिशा ठरवायची तर पंचक्रोशीत अशी पुष्कळ मापं घ्यावी लागतात.

आता तो दरवर्षीचा प्रश्न आला. "पण निघाला कुठून?" माझ्याआधी मालकच बोलले. त्यांनी शेताच्या खालच्या अंगाला हात केला. तिथे बाभळी आणि निवडुंग माजलेला एक बुटका, सरळसोट कणा गेला होता. "ती खडकाची भिंत हाये ना, ती पार नदीपर्यंत जाती. तिच्या अल्याड पाणी थांबतं. पल्याडच्या विहिरीला मे महिन्यात टिपूस नाही." पल्याडची विहीर त्यांच्या चुलतभावाची, हेही त्यांनी ओघात सांगितलं.

भिंतीपाशी गेलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं, पण कुणी कुरकुरलं नाही. ती डाइक होती, म्हणजे जमिनीतल्या चिरेत लाव्हाचा रस थिजून झालेली भिंत, आठ-दहा पावलं रुंद. कडेचा दगड इतका बारीक कणांचा की भिंगातूनही काही सुटं दिसेना, कारण थंड दगडाला टेकल्या टेकल्या तो थिजला होता. मध्यभागी मात्र फेल्डस्पार या खनिजाच्या काड्या नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे दगडी खांब उभे आहेत, तर इथले आडवे, सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे. खांब नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. इथे थंडावा दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून आला.

त्या सावली नसलेल्या जागी मी त्यांना भेगीय उद्रेक सांगितला. बेसॉल्टचा रस अकराशे-बाराशे अंश तापमानाचा आणि पातळ असतो. वायू त्यातून सहज सुटतो, त्यामुळे कारंजी उडतात आणि लाव्हा वाहतो, डोंगर फुटत नाही. वायूचे मोठे गोळे साचून वर आले तर इटलीतल्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीसारखे फटाके. वाटेत पाणी भेटलं तर मात्र खरा स्फोट. आणि जमिनीलाच लांब चीर पडली तर १७८३ मधलं आइसलँडचं लाकी. सुमारे २७ किलोमीटरची भेग, आठ महिने उद्रेक, आणि त्या विषारी वायूंनी जनावरं मेली, मग दुष्काळात देशातली जवळपास पाचवा हिस्सा माणसं. आपल्याकडचे कित्येक प्रवाह लाकीपेक्षा फार मोठे होते. भेगेच्या काठावर राखेचे, ठिणग्यांचे छोटे शंकू झालेही असतील, पण नंतरच्या लाव्हाने ते गाडले किंवा पावसापाण्याने नेले. मागे राहिली ती भेग, आत रस थिजलेली.

"म्हणजे हाच ज्वालामुखी?" एकाने विचारलं. मी हो म्हणावं अशी सगळ्यांची इच्छा दिसत होती. पण बऱ्याच डाइक जमिनीवर पोचतच नाहीत, वाटेतच थांबतात. कोकणातल्या डाइक बहुतेक उत्तर-दक्षिण, तापी-नर्मदेच्या पट्ट्यातल्या साधारण पूर्व-पश्चिम, आणि इथल्या नाशिक-पुणे पट्ट्यातल्या वाटेल त्या दिशेला. कोणत्या डाइकने कोणता थर ओतला हे प्रयोगशाळेत दोघांचं रसायन जुळवून पाहावं लागतं. तेही कधीकधी दोन-तीन थरांशी सारखंच जुळतं. त्याचा चेहरा पडला. पडू दे. नमुने मात्र त्यानेच सगळ्यांत जास्त गोळा केले, आणि बसमध्ये त्याच्या सॅकशेजारी कुणी बसेना.

निघताना चहा झाला. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, त्या भिंतीतून आडवं बोअर मारलं तर?"

म्हटलं, पाणी तुमच्या बाजूला अडलंय. भोक पाडलंत तर ते पल्याड जाईल, तुमच्या चुलतभावाच्या विहिरीत.

ते क्षणभर भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग राहू द्या."